उजनीभर वाफ डोक्यावरून जाते, मग पाऊस कुठं अडतो?

जुलैत सोलापुरात आभाळ येतं, पण पडत नाही. पश्चिमेकडून करड्या ढगांचे पुंजके पळत येतात, घटकाभर सावली धरतात, एखादी भुरभुर सोडतात आणि नळदुर्गाच्या दिशेनं निघून जातात. कारण विचारलं तर शाळेत पाठ केलेलं उत्तर तयार असतं: आपण पर्जन्यछायेत आहोत, ढग सगळं पाणी घाटावर सांडतात आणि इकडं रिकामे येतात. यातला पहिला भाग बरोबर आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि सोलापूर जिल्ह्याची सरासरी साडेपाचशेच्या आसपास घुटमळते. पण ‘रिकामे येतात’ हे खरं नाही.

हवेत किती पाणी आहे, ते मोजता येतं. जमिनीपासून थेट वरपर्यंतच्या हवेच्या उभ्या खांबातली सगळी वाफ पाणी होऊन खाली आली तर जमिनीवर किती मिलिमीटर साचेल, असा हा हिशेब असतो. भर मान्सूनमध्ये दख्खनच्या पठारावर हा आकडा साधारण ४० ते ५० मिलिमीटर भरतो. मधला ४५ धरू. सोलापूर जिल्ह्याचं क्षेत्रफळ १४,९०० चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. गुणाकार केला की कुठल्याही एका क्षणी जिल्ह्याच्या डोक्यावर २३-२४ टीएमसी पाणी वाफेच्या रूपात उभं असतं. उजनी धरणाची एकूण साठवण ११७ टीएमसी. शिवाय ही वाफ जागेवर बसून राहत नाही. पावसाळी वारा तासाला तीस-चाळीस किलोमीटरनं वाहत असेल तर चार-पाच तासांत जुनी वाफ जिल्ह्याबाहेर आणि नवी आत. ढोबळमानानं दिवसाला एक उजनी आपल्या डोक्यावरून जाते, आणि खालची उजनी मात्र पुणे जिल्ह्यात पाऊस पडला तरच भरते.

तेव्हा प्रश्न वाफ आहे की नाही हा नाहीच. वाफेचा पाऊस व्हायला जे काही लागतं, ते इथं कुठं अडतं, हा प्रश्न आहे. वातावरणशास्त्रज्ञ आयुष्यभर याच अडलेल्या जागेभोवती काम करत असतात. ओलावा, वादळ आणि वीज हे वरवर तीन वेगळे विषय वाटतात, पण एका टोकाला हात घातला की बाकीची दोन आपोआप हातात येतात.

मोजायचं कसं, ते आधी थोडक्यात. हायड्रोजनचा फुगा, त्याला लटकवलेली छोटी पेटी, पेटीत तापमान, आर्द्रता आणि दाब मोजणारी उपकरणं. फुगा वर जाता जाता पेटी रेडिओवरून आकडे खाली पाठवते. जगभरात हे फुगे एकाच वेळी सोडतात, आपल्या घड्याळात सकाळी आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास. स्वातंत्र्यानंतर हवामानाची उपकरणं बाहेरून मागवण्यापेक्षा देशातच बनावीत म्हणून ज्यांनी झिजून काम केलं, त्या अण्णा मणी १९४८ मध्ये हवामान खात्यात रुजू झाल्या त्या पुण्यात. शंभरेक उपकरणांची प्रमाणित रेखाटनं त्यांनी तयार करून घेतली. ढगांवरचा कुठलाही मोठा सिद्धांत शेवटी अशा पेटीतल्या आकड्यावर उभा असतो, आणि आकडा चुकला की सिद्धांतही गेला. या कामाला टाळ्या कमी मिळतात, म्हणून मुद्दाम नाव घेतलं.

आता ढगात शिरू. ढग वाफेचा नसतो. वाफ डोळ्यांना दिसत नाही. ढग बारीक थेंबांचा असतो. असा एक थेंब मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा, आणि तो सेकंदाला जेमतेम एक सेंटिमीटर या वेगानं खाली येतो. खालून हवेचा हलकासा झोत आला तरी तो वर ढकलला जातो. त्यामुळे ढग तरंगतो. जमिनीपर्यंत पोचेल असा दोन मिलिमीटरचा थेंब हवा असेल तर असे दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात. व्यास शंभर पट म्हणजे आकारमान दहा लाख पट. वाफेपासून ढगाचा थेंब होणं सोपं आहे, मिनिटाभरात होतं. ढगाच्या थेंबापासून पावसाचा थेंब होणं अवघड आहे, आणि सोलापूरचा जुलै नेमका तिथं अडतो.

थेंब एकमेकांवर आदळून मोठे होतात. त्यासाठी काही थेंब इतरांपेक्षा मोठे असावे लागतात, कारण सगळे एकाच मापाचे असले तर सगळे एकाच वेगानं पडणार, कोण कुणाला गाठणार? त्यात हवेतल्या धुळीची आणि धुराची भर. प्रत्येक थेंबाला जन्मायला एक सूक्ष्म कण लागतो. कण भरपूर असले की आहे तेवढं पाणी जास्त जणांत वाटलं जातं, आणि सगळेच थेंब बारीक राहतात. मग ढगाला पाऊस पाडायचा तर आणखी उंच वाढावं लागतं, म्हणजे थेंबांना एकमेकांत मिसळायला वेळ मिळतो. आणि उंच वाढणं हेच तर जुलैत जमत नाही. घाट उतरून येणारी हवा दबलेली असते, वर कोरडे थर असतात, वारा ढगाचा माथा एकीकडं आणि पाया एकीकडं ओढत असतो. तीन-चार किलोमीटरवर ढग थांबतो.

कोरडी हवा ढगाचं नक्की काय करते, हे पहिल्यांदा आकड्यांत मांडणाऱ्यांमध्ये जोआन सिम्पसन यांचं नाव येतं. १९४९ साली शिकागो विद्यापीठातून त्यांनी हवामानशास्त्रात पीएचडी घेतली. अमेरिकेत ही पदवी मिळवणारी ती पहिली स्त्री. चक्रीवादळं आणि मोठे वारे ही तेव्हा मानाची कामं समजली जात, आणि दुपारचे कापशी ढग म्हणजे किरकोळ विषय. त्यांनी तोच धरला. विमानात बसून, खिडकीतून फिल्म घेत, उष्ण कटिबंधातले ढग त्यांनी एकेक करून मोजले. तेव्हा दिसलं ते असं: वर चढणारा ढग कडांनी बाहेरची कोरडी हवा आत ओढत असतो. ती आत आली की थेंब वाळतात, वाळताना हवा थंड होते, थंड हवा जड, आणि ढगाची चढण संपते. बारीक ढग यात चटकन मरतो, कारण त्याचा गाभा कडेपासून लांब नसतो. रुंद ढगाचा गाभा कोरडा पडत नाही, म्हणून तो वर जातो.

पुढं १९५८ मध्ये हर्बर्ट रिएल यांच्याबरोबर त्यांनी असा हिशेब मांडला की विषुववृत्ताच्या पट्ट्यातली उष्णता वरच्या थरापर्यंत पोचवायला कुठल्याही क्षणी १,५०० ते ५,००० महाकाय ढग पुरेसे आहेत. सगळ्या पृथ्वीच्या हवेचा कारभार इतक्या मोजक्या ढगांच्या खांद्यावर! या ढगांना त्यांनी ‘उष्ण मनोरे’ म्हटलं. मनोरा उभा राहतो तो वाफेतल्या उष्णतेवर. एक किलो वाफेचं पाणी होताना साधारण २५ लाख ज्यूल उष्णता सुटते. ती आजूबाजूच्या हवेला तापवते आणि ढगाला आणखी वर ढकलते. म्हणजे ओलावा हे वादळाचं इंधन.

एप्रिल-मे महिन्यात हे इंधन कमी असतं, पण पेटतं जोरात. वळवाच्या पावसाची सगळी तऱ्हा यातून कळते.

सोलापुरात मे महिन्यातली दुपार घ्या. तापमान ४२ अंश. हवेतला ओलावा एवढाच की ती १७ अंशांपर्यंत थंड केली तर दव पडेल. या १७ ला दवबिंदू म्हणतात. तापमान आणि दवबिंदू यांतल्या प्रत्येक अंशाच्या फरकाला हवा सव्वाशे मीटर वर चढावी लागते, तेव्हा ढगाचा तळ लागतो. फरक २५ अंश, म्हणजे तळ तीन किलोमीटरच्या वर. जुलैत तापमान २९ आणि दवबिंदू २२ धरा. फरक सातच अंश, तळ नऊशे मीटरच्या आत. म्हणून आषाढातले ढग डोक्याला लागतील असे वाटतात आणि वळवाचे ढग क्षितिजावर उंच उभे दिसतात. फोनमधल्या हवामानाच्या ॲपमध्ये दवबिंदू दिलेला असतो. हा गुणाकार घरबसल्या करून बघता येतो, आणि बऱ्यापैकी जुळतो.

तीन किलोमीटरवरून निघालेला थेंब वाटेत त्या तापलेल्या कोरड्या हवेतून येतो. लहान थेंब वाटेतच संपतात. दूरवर ढगाखाली पावसाच्या झालरी लोंबताना दिसतात आणि जमिनीला टेकत नाहीत, ते हेच. जे उरतात ते टपोरे. पत्र्यावर पहिले चार-पाच थेंब ताडताड वाजतात ते त्यामुळे. आणि वाटेत विरलेल्या थेंबांनी हवा गार करून सोडलेली असते. ती जड हवा खाली कोसळते, जमिनीवर आपटून चारी बाजूंना पसरते. पाऊस यायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं सोसाट्याचा वारा सुटतो, धुरळा उठतो, पत्रे उडतात, फ्लेक्स फाटतात, लाईट जाते. लोक म्हणतात वाऱ्यानं ढग आणले. खरं तर ढगानं वारा पाठवलेला असतो.

एवढ्या तापल्या दिवसांत ओलावा येतो कुठून, हे बातम्यांत रोज ऐकलेलं असतं: विदर्भापासून मराठवाडा आणि कर्नाटकमार्गे दक्षिणेकडं गेलेला कमी दाबाचा पट्टा. त्याच्या एका बाजूचे वारे बंगालच्या उपसागराकडचा दमटपणा आणतात, दुसऱ्या बाजूचे कोरडे असतात. दोघं भेटतात तिथं हवेला वर जाण्याशिवाय वाट उरत नाही. सोलापूर त्या वाटेवरच आहे.

आता विजेकडं येऊ. सोलापूरकरांना ठाऊक असलेली एक गोष्ट फारशी कुणी बोलून दाखवत नाही: जुलैचा पाऊस मुका असतो. पडलाच तर दिवसभर रिपरिप चालेल, पण गडगडाट नाही. वळीव अर्धा तास पडेल आणि चार गावं हादरवेल. पाणी कमी, आवाज जास्त. का?

कारण वीज पाण्यात तयार होत नाही, बर्फात होते. उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्यात आपल्याकडं पाच किलोमीटरच्या आसपास तापमान शून्यावर येतं. त्याच्या वर गेलेल्या ढगात तीन गोष्टी एकत्र असतात: हिमाचे बारीक स्फटिक, साबुदाण्याएवढ्या मऊ गारा, आणि शून्याखाली जाऊनही न गोठलेलं पाणी. हे शेवटचं पटायला जड जातं, पण बारीक थेंब उणे ३५ अंशांच्याही खाली पाणीच राहू शकतात; गोठायला त्यांनाही आधाराचा कण लागतो. जोरदार वर जाणाऱ्या झोतात स्फटिक वर निघालेले असतात, गारा जड म्हणून मागं पडतात, आणि दोघांची टक्कर होत राहते. उणे १० ते उणे २० अंशांच्या पट्ट्यात टक्कर झाली की साधारणपणे गारेकडं ऋण विद्युतभार जातो आणि स्फटिकाकडं धन. जपानचे ताकाहाशी यांनी १९७८ मध्ये प्रयोगशाळेत हे तपशिलानं मोजलं: तापमान आणि पाण्याचं प्रमाण बदललं की भाराचं चिन्हही बदलतं. ढगात मग हलके धन स्फटिक माथ्याकडं जातात, ऋण गारा मधल्या-खालच्या भागात राहतात. दोन टोकं तयार झाली. मधली हवा जेव्हा तग धरेनाशी होते, तेव्हा वीज कडाडते.

जुलैतला ढग त्या उंचीपर्यंत पोचतच नाही. ना गारा, ना टक्कर, ना वीज. हे एकदा समजलं की उलटा हिशेबही करता येतो: वीज चमकली म्हणजे तो ढग निदान सात-आठ किलोमीटर उंच आहे, आत बर्फ आहे आणि झोत तगडा आहे. विजेचा आकडा झपाट्यानं वाढायला लागला तर थोड्याच वेळात गारा किंवा तुफान वारा येण्याची शक्यता वाढते. शास्त्रज्ञ विजेकडं एवढं लक्ष देतात ते तिच्या धोक्यासाठी आणि या चुगलीसाठीही. ढगाच्या पोटात काय चाललंय ते ती बाहेर सांगते.

सिम्पसन यांच्या उतारवयातल्या कामातून याला जगाचा पुरावा मिळाला. १९८६ पासून त्यांनी ज्या उपग्रह मोहिमेची शास्त्रीय बाजू सांभाळली, ती टीआरएमएम मोहीम अमेरिका आणि जपान यांनी मिळून नोव्हेंबर १९९७ मध्ये सोडली. उष्ण कटिबंधातला पाऊस अवकाशातून मोजणारं रडार तिच्यावर होतं, आणि विजा टिपणारा कॅमेराही. अशा उपग्रहांच्या नोंदींवरून पृथ्वीवर सेकंदाला सरासरी ४५ च्या आसपास विजा चमकतात असं दिसलं. समुद्रावर भरपूर पाऊस, पण विजा कमी. जमिनीवर त्याच्या कितीतरी पट. समुद्रावरचे झोत मंद आणि तापलेल्या जमिनीवरचे तगडे, म्हणून. आपल्या जुलैचा पाऊस समुद्री स्वभावाचा आणि वळीव जमिनीच्या स्वभावाचा, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

गारपिटीचंही थोडं सांगतो, कारण द्राक्षबागा आणि डाळिंबाच्या बागा असलेल्या जिल्ह्यात तो विषय टाळता येत नाही. झोत जितका जोरदार, तितकी गार वर जास्त वेळ राहते आणि मोठी होते. मे महिन्यात ढगात गारा असतात, पण शून्य अंशाची रेषा उंच असल्यामुळे खाली येता येता बऱ्याच वितळतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये ती रेषा खाली असते, गार वितळायला वेळच मिळत नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्यभर जी गारपीट झाली आणि सोलापूरच्याही बागा झोडपल्या गेल्या, ती अशाच दिवसांतली.

वीज पडलेली जागा शोधणं हे आता घड्याळाचं काम झालं आहे. प्रत्येक विजेबरोबर रेडिओ लहरींचा ठोका सुटतो. रेडिओवर क्रिकेट ऐकताना मधेच येणारी खरखर आठवत असेल. हा ठोका वेगवेगळ्या ठिकाणच्या संवेदकांपर्यंत वेगवेगळ्या क्षणी पोचतो. प्रकाशाचा वेग एका मायक्रोसेकंदाला ३०० मीटर. उपग्रहाशी जुळवलेल्या घड्याळांनी तेवढा फरक कळतो, आणि चार-पाच संवेदकांच्या वेळा जुळवल्या की जागा सापडते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं, म्हणजे आयआयटीएमनं, असं जाळं आधी महाराष्ट्रात आणि मग देशभर उभारलं. ‘दामिनी’ ॲप त्याच जाळ्यावर चालतं; तुमच्याभोवती वीस आणि चाळीस किलोमीटरमध्ये विजा पडत असतील तर इशारा देतं. नेटवर्क नसलेल्या रानात मात्र जुना हिशेबच कामाचा: वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तीननं भागा, तेवढे किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची तुमच्या बांधावरही पडू शकते. तेवढ्यानं पक्क्या घरात नाहीतर बंद काचांच्या गाडीत जावं, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास तिथून हलू नये.

देशात दरवर्षी अडीच हजारांहून अधिक माणसं विजेनं मरतात. बहुतेक शेतात, आणि त्यातली कितीतरी झाडाखाली. वीज झाडावर पडते, पण ओलं झाड आणि माणूस यांत तिला माणसाचा रस्ता सोपा वाटला तर ती मधेच उडी मारते. ते चुकलं तरी जमीन उरते. झाडाच्या बुडाशी उतरलेला प्रवाह मातीतून चहूकडं पसरतो, आणि बुडापासून जसजसं लांब जावं तसा विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, कमी होत जातो. बैलाचे पुढचे आणि मागचे पाय दीड मीटर लांब. पुढच्या पायाखाली दाब जास्त, मागच्या पायाखाली कमी, आणि प्रवाह एका पायानं चढून दुसऱ्यानं उतरतो. मधे छाती येते. एका बाभळीखाली बांधलेली चार जनावरं एकदम मरतात आणि अंगावर भाजल्याची खूणही नसते, ती अशी. आडोसा मिळण्यासारखाच नसेल तर झाडांपासून लांब, दोन्ही पाय जुळवून उकिडवं बसावं, ते याचसाठी. आडवं मात्र पडू नये.

मोबाईल वीज ओढतो, हे खोटं. चार्जरला लावलेला फोन कानाला धरू नये, ते वेगळं. तिथं धोका वायरचा आहे. पायाळू माणसावर वीज पडते, हेही खोटं, आणि या समजापायी एखाद्या पोराला पावसात घराबाहेर काढल्याचे प्रकार ऐकले की चीड येते.

राहिला कृत्रिम पाऊस. नावातच घोटाळा आहे. पाऊस कुणी बनवत नाही. दुधात विरजण घालावं तशी ही गोष्ट आहे: विरजण चमचाभर, पण दूध आधी हवं, आणि ते कोमटही हवं. ढग नसेल तर विमान उडवून काही होत नाही.

१९४६ मध्ये अमेरिकेत व्हिन्सेंट शेफर यांनी कोरडा बर्फ, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, टाकून न गोठलेल्या पाण्याचे हिमकण करून दाखवले, आणि लगेच बर्नार्ड व्होनेगट यांनी सिल्व्हर आयोडाइड सुचवलं, कारण त्याच्या स्फटिकाची ठेवण बर्फासारखी असते. ही थंड ढगांची युक्ती. उबदार ढगात मिठासारखी पाणी ओढणारी पूड वापरतात, म्हणजे सुरुवातीलाच काही थेंब मोठे होतात आणि बाकीच्यांना गिळत खाली येतात. वर सांगितलेली सगळे थेंब एकाच मापाचे असण्याची अडचण यातून सुटावी, ही कल्पना.

कल्पना चांगली आहे. पुढचा प्रश्न जास्त अवघड: झालेला पाऊस औषधानं झाला की तसाही होणारच होता? वैमानिक अशी पूड फवारायला ढग निवडतो तो दमदार दिसणाराच. दमदार ढग न फवारताही बरसतो. मग श्रेय कुणाचं? यावर इलाज एकच आहे. आधी योग्य ढग निवडायचे, आणि त्यातल्या कुठल्यावर फवारायचं, कुठला तसाच सोडायचा, हे चिठ्ठी टाकून ठरवायचं. मग दोन्ही गटांचा पाऊस रडारनं आणि पर्जन्यमापकांनी मोजायचा. औषधांच्या चाचण्यांत असंच करतात. सिम्पसन यांनी फ्लोरिडात हाच मार्ग धरला. एकेकट्या ढगांवरचे त्यांचे प्रयोग आशादायक निघाले, मोठ्या क्षेत्रावरच्या पहिल्या टप्प्यातही वाढ दिसली, आणि १९७८ ते १९८० या दुसऱ्या टप्प्यात ती सिद्ध झाली नाही. फवारणीचा धंदा करणारे हा शेवटचा भाग सहसा सांगत नाहीत.

आपल्याकडं १९७३ ते १९८६ या काळातल्या ११ पावसाळ्यांत बारामती परिसरात मिठाचे प्रयोग झाले, त्यात सुमारे २४ टक्के वाढ नोंदली गेली. त्यानंतर आयआयटीएमनं २००९ पासून ‘कायपीक्स’ नावाची मोहीम हाती घेतली. सुरुवातीची वर्षं फक्त मोजण्यात गेली: देशभरातल्या ढगांत विमान घालून थेंब केवढे, धूळ किती, बर्फ कुठं सुरू होतो ते टिपणं. महाबळेश्वरला २०१२ पासून ढगांची प्रयोगशाळाच आहे, तिथं पावसाळ्यात ढग स्वतः गच्चीवर येतात. आणि कायपीक्सचा चौथा टप्पा झाला तो सोलापुरात. रडार इथं, पर्जन्यमापकांचं जाळं इथं, आणि २०१८ व २०१९ च्या पावसाळ्यांत विमानं इथल्या ढगांखाली. ढगाच्या तळाशी, जिथं झोत वर जात असतो, तिथं पंखाला लावलेल्या नळकांड्या पेटवायच्या; कॅल्शियम क्लोराइडचा धूर झोताबरोबर वर. मागोमाग दुसरं विमान ढगात घुसून मोजणार.

२०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. काही ठिकाणी वाढ ४६ टक्क्यांपर्यंत, आणि वाऱ्याच्या दिशेनं पुढच्या शंभर चौरस किलोमीटरवर सरासरी १८ टक्के. बातम्यांत ४६ मोठ्या अक्षरांत आला. आपल्या कामाचा आकडा १८ आहे. तोही नीट समजून घ्यायला हवा. ज्या ढगातून दहा मिलिमीटर पडला असता, त्यातून पावणेबारा पडला. शंभर चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर म्हणजे दहा कोटी लिटर, तेव्हा पावणेदोन मिलिमीटरही थोडे नव्हेत. पण एक टीएमसी व्हायला असे एक एक मिलिमीटर २८३ वेळा लागतात. उजनी यानं भरणार नाही. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात सप्टेंबरच्या ओलीवर उभी राहणारी ज्वारी एखाद्या पावसानं तरते, हे मात्र खरं, आणि तिथं पावणेदोन मिलिमीटरला किंमत आहे.

या पाण्याचा खर्च लिटरला १८ पैसे येतो, असा त्याच अभ्यासातला अंदाज. दहा हजार लिटरच्या टँकरचे अठराशे रुपये. टँकर निदान मागवलेल्या वस्तीवर रिकामा होतो. ढग शिवारावरही पडेल आणि माळावरही.

आणि वेळेचं काय? सोलापूरला सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरमध्ये पडतो, तेव्हा वारा मंदावलेला असतो, ऊन तापवतं, बंगालच्या उपसागरातले कमी दाबाचे पट्टे सरकत येतात आणि ढगांना उंच वाढायला वाव मिळतो. फवारण्याजोगे ढग त्या दिवसांत जास्त, आणि दुष्काळाच्या वर्षी जुलै-ऑगस्टच्या खंडात सगळ्यात कमी. सरकारी कृत्रिम पाऊस मात्र ओरड झाल्यावर येतो. २०१५ आणि २०१९, दोन्ही वर्षी औरंगाबादहून विमानं उडाली ती ऑगस्ट उजाडल्यावर. रडार आणि विमान जूनपासूनच तयार ठेवायचं, खंड पडायच्या आधीचे आणि नंतरचे चांगले ढग गाठायचे, फवारलेल्या ढगांबरोबर न फवारलेल्यांचीही नोंद ठेवायची, आणि ती दरवर्षी लोकांपुढं मांडायची. एवढं केलं तर पुढच्या पाच-सात वर्षांत सोलापूरपुरतं तरी सांगता येईल की ते १८ टक्के दर पावसाळ्यात टिकतात की नाही.